निळ्या पट्ट्यावरची सायकल बोलते आहे

ज्याने आकाशात चंद्रसूर्याची दोन चाके फिरती ठेवली आणि ज्याची चाके आजवर कधी कुरकुरली नाहीत, ज्याच्या आज्ञेवाचून बीज रुजत नाही आणि बाहेर गेलेला श्वास आत परतत नाही, त्या जगच्चालकाला, आमच्या जावा बेटावर ज्याला 'गुस्ती' म्हणून आळवतात त्या परमेश्वराला, माझे पहिले वंदन. त्याच्या दारी लोखंड आणि मांस असा भेद नाही. म्हणूनच माझ्यासारख्या गंजल्या देहाला आज वाचा फुटली आहे.

श्रोतेहो, मी एक सायकल बोलते आहे. नगरपालिकेच्या भाड्याच्या सायकलींपैकी एक. अंगाने जड, रंगाने हिरवी, पुढे तारांची टोपली, उजव्या मुठीशी एक घंटी. मला घंटी होती, जीभ नव्हती. माझ्या साऱ्या कहाणीचे दुःख एवढ्यात सामावले आहे.

माझा जन्म समुद्राकाठच्या एका कारखान्यात झाला. माझे सांधे जोडणारी बाई तोंडावरची काच वर सारून मला न्याहाळत म्हणाली होती, "काय ध्यान आहेस गं! पण टिकशील. कुणाच्या बापाला मोडायची नाहीस." सार्वजनिक वस्तू मुद्दामच बोजड आणि कुरूप घडवतात. कुणाला ती घरी न्यावीशी वाटू नये, हा त्यामागचा विचार. हे वाक्य तुम्ही ध्यानात ठेवा. पुढे कुणाच्याच ध्यानात राहिले नाही.

ट्रकमधून आम्ही बहिणी या शहरात आलो तो मोठा सोहळ्याचा दिवस होता. दोन जुन्या वडांच्या मैदानात मांडव पडला होता. अभिनंदनाची अक्षरे फुलांनी लिहिलेले माणसाहून उंच फलक रस्ताभर उभे होते. आभाळ मात्र भरून आले होते. मांडवाच्या कोपऱ्यात पाऊस अडवणारा एक म्हातारा बसला होता. त्याने झाडूच्या काड्यांवर लाल मिरच्या नि कांदे टोचून त्या जमिनीत रोवल्या होत्या आणि ओठांत काही पुटपुटत धूप जाळला होता.

वाहतूक खात्याचे प्रमुख बापाक विदाग्दो त्याच्याजवळ येऊन वाकले. मानाच्या माणसाला इथे 'बापाक' म्हणतात. पन्नाशीचा गोरटेला, मृदू बोलण्याचा माणूस. इस्त्रीचा बाटिक सदरा, मनगटावर अत्तर. ही योजना त्यांची होती. "म्बाह," ते आजोबाच्या वयाच्या त्या म्हाताऱ्याला म्हणाले, "भाषणं होईस्तोवर तेवढा थोपवून धरा. मग खुशाल कोसळू दे."

"थोपवतो, बापाक," म्हातारा म्हणाला. "पण तो दुसऱ्या कुणाच्या तरी छपरावर जाऊन पडणार, एवढं असू द्या मनात."

बापाक हसले. पाऊस आला नाही.

मग पिवळ्या भाताचा उंच शंकू आणला गेला. आमच्याकडे शुभकार्याला हा भाताचा डोंगर रचतात आणि त्याचे शिखर यजमान आपल्या हाताने कापून ज्याला मान द्यायचा त्याच्या हाती ठेवतो. ज्याच्या हातून ते शिखर घेतले, त्याचा शब्द राखायचा, त्याला चारचौघांत कमीपणा येऊ द्यायचा नाही, असे जुनी माणसे मानतात. नगराध्यक्ष पुढे सरसावले होते. तेवढ्यात फोटोवाला कुजबुजला, "बापाक, योजना गरिबांची आहे. एखादी गरीब बाई दिसली तर बातमी पहिल्या पानावर जाईल."

बापाकांची नजर गर्दीच्या कडेला गेली. तिथे एक बाई पाठीवर बाटल्यांची करंडी बांधून उभी होती. साठीची, काटक, जामू विकणारी. हळद, चिंच, आले, कचोरा आणि ताडगूळ वाटून केलेला तो काढा ती दारोदार पाजत असे. तिचे नाव न्गातिना. पण सारे शहर तिला 'म्बोक' म्हणे. कष्टकरी आईला इथे अशीच हाक मारतात.

"ए म्बोक! या ना, या पुढं. लाजता कशाला?"

ती गोंधळून पुढे आली, मातीत गुडघे टेकून बसली आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. बापाकांनी तिच्या ओंजळीत भाताचे शिखर ठेवले. फोटो निघाले. "सायकल सर्वांची!" बापाक म्हणाले. टाळ्या पडल्या. फोटोवाला पुढच्या माणसाकडे वळला, बापाकही वळले. म्बोक मात्र ओंजळ तशीच धरून बसून राहिली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायला तिला हात मोकळा नव्हता.

त्या दिवशी योजनेचे पहिले कार्ड तिला मिळाले आणि त्या कार्डाने उघडलेले पहिले कुलूप माझे होते.

आमच्यासाठी शहराच्या पोटातून एक निळा पट्टा आखला गेला. त्याच्या वाटेत आलेली चिंचेची झाडे तोडली गेली. पट्टा मैदानातून निघे, बाजारावरून जाई आणि नदीच्या पुलाशी येऊन, बोलता बोलता माणूस गप्प व्हावा तसा, थांबे. पुढचा टप्पा राजधानीतले पाहुणे पाहणी करून गेल्यावर मंजूर व्हायचा होता. तोवर पट्ट्यावर मोटरसायकली उभ्या राहू लागल्या. मोटरसायकलींच्या सावलीत मांसगोळ्यांच्या गाड्या लागल्या. गाड्यांच्या आडोशाला लोक थुंकू लागले. दर शुक्रवारी सकाळी साहेब मंडळी आमच्यावर बसून वडापासून बाजारापर्यंत येत. मागून त्यांच्या मोटारी रिकाम्या, हळूहळू चालत. घाम येण्याआधी फोटो निघे आणि फोटो निघाला की मोटारींची दारे उघडत.

माणसांचे वागणे मी जवळून पाहिले. माझ्या एका बहिणीला तरण्या पोरांनी पुलावरून नदीत ढकलले, का, तर पडताना तिचे चित्रण करायचे होते. ती बुडाली तेव्हा ती पोरे पोट धरधरून हसत होती. एकीच्या कुलपात कुणी चघळलेले च्युइंगम भरले. जे सर्वांचे असते त्याला लाथ मारताना कुणाचाच पाय अडखळत नाही. गुस्ती तरी सर्वांचाच आहे ना? त्याचीही गत फारशी निराळी नसावी.

म्बोक मात्र पहाटेच्या अजानेनंतर येई. माझ्या बैठकीवरचे दव पदराने टिपी, बाटल्या टोपलीत रचे, आणि जुन्या संतांची जावानी पदे गुणगुणत पायडल मारी. वर्षानुवर्षे करंडी वाहून तिची पाठ कमानीसारखी वाकली होती. वैदूने तिला सांगितले होते, आता ओझे उचलशील तर जागेवर बसशील. म्हणजे मी होते म्हणून तिचा धंदा होता. तिच्या गुणगुणण्याच्या ठेक्यावर माझे चाक फिरे, आणि मला वाटे, हा फेरा म्हणजेच माझे नामस्मरण.

तिच्या बाटल्यांवर ना नाव होते, ना शिक्का. पेला विसळायची, 'बिस्मिल्लाह' म्हणून ओतायची, नि माणसे डोळे मिटून प्यायची. बाळंतिणी प्यायच्या, तापातून उठलेली लेकरे प्यायची. बाटलीत काय आहे ते कुणी कधी विचारले नाही. म्बोकच्या हातचे आहे, एवढे पुरे होते. लोक काढा पीत नव्हते. तिचे नाव पीत होते. त्या नावाखेरीज तिच्याजवळ दुसरे भांडवल नव्हते.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. म्बोक बाजारासमोर मला जागेवर लावत होती. माझे पुढचे चाक खाचेत गेले होते, कुलूप लागायचे बाकी होते. इतक्यात निळ्या पट्ट्यावर एक मोटार उलटी येऊ लागली. गाड्या लावून देणारा सार्पिन तोंडात शिट्टी धरून दोन्ही हातांनी तिला मागे बोलावत होता.

"येऊ द्या, येऊ द्या… अजून मागं… भरपूर जागा आहे, बापाक!"

मोटार बापाक विदाग्दोंची होती. ते पक्ष्यांच्या बाजारातून एक गाणारा कवडा घेऊन निघाले होते. पिंजरा शेजारच्या आसनावर होता आणि त्यांचे लक्ष आरशात नव्हते, पिंजऱ्यात होते. म्बोक बाजूला उडी मारून वाचली. मला उडी मारता येत नाही. माझे मागचे चाक वाळल्या पानासारखे वळले.

बापाक उतरले. प्रथम दुसऱ्या बाजूचे दार उघडून त्यांनी पिंजरा पाहिला. पक्षी धडधाकट होता. मग त्यांनी मला पाहिले.

"अरे देवा! सार्पिन, शिट्टी कशाला वाजवतोस रे? नाच करायला?"

"बापाक, मला वाटलं तुम्ही ब्रेक…"

"गप्प बस." त्यांनी आजूबाजूला नजर टाकली. दुपारची वेळ होती, बाजार पेंगुळला होता. त्यांचा आवाज मऊ झाला. "म्बोक, लागलं नाही ना तुम्हाला?"

"नाही, बापाक. सायकल बिचारी…"

"तेच म्हणतो. उद्या राजधानीची माणसं येणार. मोडकी सायकल दिसली तर पुलापलीकडचा पट्टा गेला म्हणून समजा. तुम्ही असं करा, म्बोक, हिला चार दिवस तुमच्या घरी ठेवा. मी माणूस पाठवतो दुरुस्तीला. कुणाला सांगायचं मात्र नाही. ठेव म्हणून ठेवायची."

"पण बापाक, कुलूप लागलं नाही. यंत्रात माझंच नाव राहील."

"मी आहे ना! माझ्यावर विश्वास नाही का?"

म्बोकने झटकन मान खाली घातली. ज्याने भाताचे शिखर ओंजळीत ठेवले, त्याला असा प्रश्न विचारायची पाळी आपण आणली, याचीच तिला लाज वाटली असावी. "असं कसं म्हणता, बापाक? लेकरासारखी जपेन."

सार्पिन शिट्टी खिशात घालून दुसरीकडे बघत होता.

वाकलेल्या पाठीची ती बाई मला अर्धे उचलून, अर्धे ढकलून घरी घेऊन गेली. नदीकाठच्या आळीत तिचे बांबूच्या तट्ट्यांचे घर होते. तिने मला अंगणात नाही, घरात घेतले. ओल्या फडक्याने पुसले. माझ्या मुठीचे रबर फाटले होते, त्यावर आपल्या जुन्या बाटिक लुगड्याची पट्टी गुंडाळून गाठ मारली. त्या पट्टीला हळदीचा नि कचोऱ्याचा वास होता. गुरुवारी तिन्हीसांजेला तिने आपल्या पूर्वजांसाठी पाण्याच्या भांड्यात फुले घातली आणि त्यांतल्या चार पाकळ्या माझ्या चाकाशी ठेवल्या. श्रोतेहो, माझी पूजा आयुष्यात तेवढी एकदाच झाली.

तिची मुलगी लास्त्री शिवणकामावरून आली आणि मला पाहून दारातच थबकली.

"म्बोक, हे लचांड घरात कशाला?"

"ठेव आहे."

"कुणाची?"

"मोठ्या माणसाची. नाव विचारू नकोस."

पण मायलेकी एका चटईवर झोपणाऱ्या; लास्त्रीने सारे काढून घेतलेच. ऐकून तिने कपाळावर हात मारला. "अगं, त्या माणसानं तुला लिहून काय दिलं? साक्षीला कोण? तो सार्पिन? शिट्टीवाला?"

"बापाकांनी शब्द दिलाय."

"तुला भात दिला गं त्यांनी! शब्द नव्हे! आणि तोसुद्धा फोटोपुरता!"

म्बोकने हळद वाटायचा हात थांबवला नाही. "भात मी माझ्या हातात घेतलाय, लास्त्री. फोटो त्यांनी काढला असेल. मी काही फोटोसाठी घेतला नव्हता."

चार दिवस गेले, आठ गेले. दुरुस्तीचा माणूस आला नाही. राजधानीचे पाहुणे मात्र येऊन गेले होते. त्यांनी यंत्र पाहून विचारले, एक सायकल जागेवर नाही, ती कुठे आहे? खरे सांगण्यास एक वाक्य पुरले असते. बापाक म्हणाले, चोरीला गेली आहे, शोध चालू आहे. पाहुणे म्हणाले, चोर सापडला की कळवा, पुढच्या टप्प्याचे मग पाहू. यंत्रात एकच नाव होते.

आळीचे प्रमुख दोन माणसे घेऊन म्बोकच्या दारात आले तेव्हा तेच लाजेने चूर झाले होते. "म्बोक, रागावू नका. जरा सभागृहापर्यंत यायचं. आणि… ही पण न्यावी लागेल."

मला सभागृहाच्या खांबाला टेकवून ठेवले. सारी आळी चटयांवर बसली होती. म्बोकच्याच हातचा काढा पिऊन वाढलेली माणसे. समोर खुर्चीवर बापाक विदाग्दो. बाजूला तोच फोटोवाला. मागे दाराशी सार्पिन. म्बोक मधोमध बसली होती, आणि मी पाहिले, तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ती बापाकांकडे, मुलगा परीक्षेचा निकाल घेऊन येणार असलेल्या आईसारखी, शांत आशेने बघत होती. आता ते बोलतील, असे तिला वाटत होते. चारचौघांत आपण बोललो तर ते खोटे ठरतील. त्यांनाच आपणहून बोलू द्यावे, म्हणजे त्यांचाही मान राहील आणि आपलाही. आमच्या माणसांना हे कुणी शिकवावे लागत नाही. ते त्यांच्या रक्तात आहे, आणि त्यावरच सारे जग त्यांना लुटते.

प्रमुख खाकरले. "म्बोक, ही सायकल तुमच्या घरात मिळाली. काही सांगायचंय?"

म्बोकने बापाकांकडे पाहिले. बापाकांनी आपल्या सदऱ्याच्या बाहीवरचा धागा काढला.

"म्बोक?"

तिने मान खाली घातली. सभेत कुजबुज उठली.

लास्त्री ताडकन उभी राहिली. "ती नाही सांगत तर मी सांगते! बापाक, त्या दिवशी बाजारासमोर मोटार तुम्हीच…"

वाक्य पुरे झाले नाही. म्बोकने लेकीचे मनगट पकडून तिला खाली ओढले. त्या म्हाताऱ्या हाताच्या पकडीत एवढे बळ कुठून आले, गुस्ती जाणे. "बस खाली," ती दातांतून म्हणाली. "मोठ्यांच्या तोंडी लागतेस? मी तुला असं वाढवलं?"

श्रोतेहो, त्या क्षणी मी माझे सारे लोखंड पणाला लावले. घंटी तरी वाजावी, वाकडे चाक तरी करकरावे, खांबावरून घसरून मी त्या खुर्चीवर तरी कोसळावे! काही झाले नाही. माझ्या आत फक्त गंज चढत होता.

लास्त्रीचे अर्धे वाक्य बापाकांच्या कानी पडले होते. ते उठले. शहाणा माणूस अशा वेळी रागावत नाही. त्यांनी हात जोडले, आणि त्यांचा आवाज इतका गोड झाला की पुढच्या चटईवरची एक बाई रडू लागली.

"बंधुभगिनींनो, पोलिसांत जायचा मला अधिकार आहे. पण म्बोक आपल्या आईसारख्या. गरिबीत माणसाचा हात कधी चुकतो. मी नगरपालिकेच्या वतीनं त्यांना मनापासून क्षमा करतो. हा विषय इथेच संपला."

सभागृहात सुटकेचा एक मोठा सुस्कारा उमटला. भांडण टळले. पोलीस टळले. आळीची शांतता अभंग राहिली. "किती मोठं मन!" कुणी म्हणाले. "म्बोक, बापाकांचे आभार माना." "माना, म्बोक, माना."

आरोपाला उत्तर देता येते. क्षमेला काय उत्तर द्यायचे? म्बोक उठली. वाकलेली पाठ आणखी वाकवून तिने बापाकांचा उजवा हात आपल्या कपाळाला लावला. फोटोवाला म्हणाला, "जरा इकडे तोंड, म्बोक. पुन्हा एकदा." तिने पुन्हा एकदा लावला.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ते चित्र पहिल्या पानावर होते. पुलापलीकडचा टप्पा मंजूर झाला.

माझी रवानगी नगरपालिकेच्या कोठारात झाली. हँडलला लाल चिठ्ठी बांधली, 'चोरीतून परत'. दुरुस्त करायचे कुणाच्या मनात आले नाही. काही दिवसांनी कोठारावर पहारेकरी म्हणून सार्पिनची नेमणूक झाली. शिट्टी गेली, गणवेश आला. पुढचे सारे मी त्याच्याच तोंडून ऐकले. भंगार न्यायला येणाऱ्या माणसाशी चहा पीत तो गप्पा हाणायचा.

"म्हातारीला कुणी शिवी दिली नाही हां," सार्पिन सांगत होता. "आपल्याकडं कुणी दार आपटत नाही, बाबा. ती चालत जायची, करंडी पाठीवर घेऊन. कार्ड काढून घेतलं ना तिचं! बाई दारात यायची, हसायची. 'आज नको, म्बोक, पोट गच्च आहे.' पुढल्या दारी, 'आजच डॉक्टरचं औषध सुरू केलंय, म्बोक.' सगळ्यांची पोटं एकाच दिवशी गच्च!" तो हसला. "बाटल्या भरून न्यायची, भरलेल्याच आणायची. नदीत ओतायची. आमची बायको म्हणते, चार महिने त्या घाटाच्या पायऱ्या पिवळ्या होत्या."

"आणि तू काय केलंस, दादा?" भंगारवाल्याने विचारले.

"मी? मी तिला वाटेत भेटलो तर सलाम करायचो. वाईट वागलो नाही कधी."

"नाही, तू बघितलं होतंस म्हणतात…"

"मी शिट्टी वाजवत होतो," सार्पिन म्हणाला, "शिट्टी वाजवणाऱ्याला काय दिसतं?" आणि दोघेही हसले.

त्याच्याकडूनच कळले की म्बोक दर शुक्रवारी अंगणात चटई घालून, पेला विसळून बसायची. लेक चिडायची, "कुणाची वाट बघतेस?" ती म्हणायची, "बापाक येतील. चारचौघांत त्यांना जमलं नसेल. एकटे येऊन सांगतील." त्यांच्यासाठी ती तांदूळ-कचोऱ्याचा काढा, गोडसर, वेगळा काढून ठेवायची. बापाकांची मोटार त्या आळीवरून रोजच जायची, नव्या निळ्या पट्ट्यावरून, पुलापलीकडे.

पावसाळा सरता सरता ओझ्याखाली तिची पाठ बसली, वैदूने सांगितले होते तशी. ती चटईवरून उठली नाही. सातव्या दिवसाच्या प्रार्थनेला सारी आळी आली, कुणी तांदूळ घेऊन, कुणी नारळ. "आणि जेवताना प्रत्येक जण काय म्हणत होता, ठाऊक आहे?" सार्पिनने चहा संपवला. "म्हणे, म्बोकसारखा जामू या शहरात कुणाच्या हातचा झाला नाही. अमृत, म्हणे, अमृत! लास्त्री तेवढी जेवली नाही. वाढत राहिली."

पुढे वर्षे गेली. कोठाराच्या अंगणात आणखी सायकली येऊन पडल्या. हिरव्या संपल्या, मग नव्या योजनेच्या तांबड्या आल्या. माझ्या टोपलीत मांजरीने पिले घातली, ती मोठी होऊन गेली. मुठीवरच्या पट्टीचा रंग उडाला, वास मात्र ओल्या हवेत अजून उठतो.

काल बापाक विदाग्दो कोठारात आले. त्यांच्या निवृत्तीचा दिवस होता. दाराबाहेर फुलांचे फलक उभे होते, आत पिवळ्या भाताचा शंकू कापला होता आणि त्यांची बोटे अजून तेलकट होती. भंगारात काय काढायचे त्यावर शेवटची नजर टाकायला ते पानातला भात खात खात फिरत होते. मागे सार्पिन छत्री धरून.

माझ्यापाशी ते थांबले. लाल चिठ्ठीवरची अक्षरे पुसली गेली होती. त्यांनी माझ्या वाकड्या चाकाकडे पाहिले, मग मुठीकडे. मला वाटले, ओळख पटली. त्यांनी अंगठ्याने माझी घंटी दाबली.

ती वाजली. इतक्या वर्षांनी, गंजातून, स्वच्छ वाजली. मला जे बोलायचे होते ते सारे मी त्या एका आवाजात घातले.

"घंटी चांगली आहे रे हिची," बापाक म्हणाले. "काढून घे. नातवाच्या सायकलीला होईल."

मग त्यांनी मुठीवरची गाठ सोडली, ती बाटिकची पट्टी उलगडली, आपली तेलकट बोटे एकेक करून तिला नीट पुसली आणि ती सार्पिनच्या हाती दिली. "भंगार," ते पुढे सरकत म्हणाले.

सार्पिनने घंटी काढली आहे. उद्या सकाळी ट्रक येईल. भट्टीत लोखंड वितळते तेव्हा ते लोखंडच राहते म्हणतात. माझी एवढीच विनवणी आहे, गुस्ती, की पुढच्या जन्मी मला चाक करू नकोस, टोपली करू नकोस. कुणाच्या तरी तोंडातली जीभ कर, आणि ती वेळेवर हलू दे.

आणि तुम्ही, बसून ऐकणाऱ्या माउल्यांनो, बापांनो, तुमच्या घराला गुस्तीची सावली लाभो. तुमच्या दारी विश्वासाने ठेवलेली ठेव ज्याची त्याला परत मिळो. तुमच्या चुलीवरचा भात कधी कुणाचे तोंड बांधण्यासाठी न वाढला जावो. तुमच्या लेकींची वाक्ये पुरी होवोत. न केलेल्या अपराधाची क्षमा तुमच्यापैकी कुणालाही स्वीकारावी न लागो, आणि ज्यांना ती स्वीकारावी लागली, त्यांच्या रित्या अंगणात, उशिरा का होईना, कुणीतरी येऊन चटईवर बसो आणि त्यांच्या हातचा एक पेला डोळे मिटून पिवो. ऐकणाऱ्या प्रत्येकाचे, आणि प्रत्येकाच्या घराचे, कल्याण असो.